पत्री सरकार, परदेशातल्या हत्या आणि तुमचे पणजोबा

पलूस तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने मला एका पत्रात तीन प्रश्न विचारले आहेत. ती सांगलीत कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिला प्रश्न: आपल्या माणसांचे जीव घेऊन परदेशात लपलेल्या अतिरेक्याला सरकारने गुपचूप माणसे पाठवून संपवले, तर त्यात चूक काय? दुसरा: दुसऱ्या देशातल्या सशस्त्र गटाला एखाद्या सरकारने पैसा आणि बंदुका पुरवल्या, तर ते दर वेळी पापच का? तिसरा तिने अगदी शेवटी, संकोचून लिहिला आहे. तिचे पणजोबा तुफान सेनेत, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या पत्री सरकारच्या लढाऊ दलात होते. त्यांचे नाव, गाव, भूमिगत असतानाची वर्षे, सगळे तिने मोठ्या अभिमानाने कळवले आहे. त्यांच्या तुकडीने पोलिसांच्या एका खबऱ्याला शिक्षा केली आणि तो काही दिवसांनी दगावला, असे तिची आजी सांगते. "मग सर, पणजोबा खुनी का?"

मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षे फौजदारी वकिली करतो आहे. पहिली सात वर्षे सरकार पक्षाकडून उभा राहिलो, नंतर आरोपींकडून. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे माझ्याहून विद्वान लोक आहेत. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी खुनाच्या खटल्यातलेच प्रश्न आहेत, आणि तेवढे मला कळतात: हा माणूस मरावा हे कोणी ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले, आणि उद्या ते चुकले असे निघाले तर कठड्यात कोण उभे राहणार?

माझे मत आधी सांगून टाकतो. ज्याला जिवंत धरता येत होते त्याला मारणे हा खून आहे, मग मेलेला कितीही नीच असो. ज्याला धरणे खरोखरच शक्य नव्हते आणि जो पुढच्या हल्ल्याच्या तयारीत होता, त्याला मारणे क्वचित समर्थनीय ठरू शकते. पण मग मारणाऱ्या सरकारने पुढे येऊन "होय, आम्ही मारले, ही कारणे आणि हे पुरावे" असे सांगितले पाहिजे आणि ते दुसऱ्या कोणाला तरी तपासू दिले पाहिजेत. ज्या सरकारला हे तपासणे नको असते, त्याच्या "धरणे शक्यच नव्हते" या म्हणण्यावर माझा विश्वास बसत नाही.

आता कारणे. सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करतो.

जावळी तालुक्यातले केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचे गाव. ते मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीत अतिरेक्यांची गाडी अडवली गेली, तेव्हा त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगात शिरल्या तरी सोडली नाही. तेवढ्या वेळात बाकीच्या पोलिसांनी कसाबला पकडले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. हे सगळे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या धरून ठेवण्यातून पुढे काय काय निघाले, हे मात्र फारसे बोलले जात नाही.

दहा हल्लेखोरांपैकी नऊ जागीच मेले. त्यांच्याजवळ हैदराबादच्या कॉलेजची खोटी ओळखपत्रे होती, त्यांवर भारतीय नावे होती. दहावाही त्या रात्री मेला असता, तर आपल्या हातात दहा प्रेते आणि दहा खोटी नावे राहिली असती. पाकिस्तान सरकार सुरुवातीला हात झटकतच होते. कसाब जिवंत होता, बोलत होता, आपले गाव सांगत होता, म्हणून जानेवारी २००९ मध्ये त्यांना तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले. ज्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने हे उघड कबूल केले त्याला त्याच दिवशी पदावरून काढले गेले. पुढच्याच महिन्यात कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचेही त्यांच्या सरकारने मान्य केले. एका राज्याने पोसलेल्या हिंसेचा पुरावा जगापुढे आला, कारण आपल्या एका हवालदारकीतून वर आलेल्या माणसाने शत्रूला जिवंत धरून दिले होते.

नंतरचा खटला मी वकील म्हणून दिवसेंदिवस वाचत होतो. आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय उभे केले गेले. सहाशेहून अधिक साक्षीदार झाले. कसाबला सरकारी खर्चाने वकील दिला गेला. जुलै २००९ मध्ये त्याने भर न्यायालयात अचानक गुन्हा कबूल केला. तेव्हा न्यायाधीश ताहिलयानी यांना तिथेच निकाल लावता आला असता, पण त्यांनी खटला पुढे चालवला. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. आणि याच खटल्यात, १६६ माणसे मेलेल्या खटल्यात, मदत केल्याचा आरोप असलेले दोन भारतीय पुराव्याअभावी निर्दोष सुटले. देश संतापाने पेटलेला असताना. बिर्याणीच्या अफवांवर लोक चिडत होते तेव्हा मी बाररूममध्ये भांडून सांगत होतो की या दोघांच्या सुटकेमुळेच कसाबच्या फाशीला वजन आले. हे दोघे एखाद्या गुप्त यादीत असते, तर ते कधीच मेले असते आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा तोकडा होता हे कोणाला कळलेही नसते.

यादीबद्दल बोलायला हवे. नाव ठरवून मारणे म्हणजे यादी आलीच, आणि यादी बनते खबरेवर. खबर काय चीज असते हे मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीतला एक तरुण दरोडा आणि खुनाच्या गुन्ह्यात आत गेला. खबऱ्याने टोपणनाव दिले होते, ते या मुलाचेही होते. तालुका तोच, वय साधारण तेच. तपास अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर वरून दबाव होता आणि हातात एक नाव होते. मयताच्या बायकोने ओळख परेडीत त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि "हा नव्हे" म्हणाली. तरी जामीन मिळत नव्हता. चौदा महिन्यांनी तो सुटला तेव्हा त्याची मुलगी चालायला लागली होती. चौदा महिने ही मोठी चूक आहे, पण ती दुरुस्त होऊ शकली, कारण तो तुरुंगात होता, मातीत नव्हता.

हेच सरकारांच्या हातून होते. म्युनिक ऑलिंपिकमध्ये १९७२ साली अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. त्यांचा सूड घ्यायला निघालेल्या मोसादच्या माणसांनी २१ जुलै १९७३ ला नॉर्वेतल्या लिलहामर गावात एकाला गोळ्या घातल्या. तो मोरोक्कोहून आलेला, हॉटेलात काम करणारा वेटर होता. बरोबर त्याची गरोदर बायको होती. ज्याला मारायचे होते तो हा नव्हताच. नॉर्वेच्या पोलिसांनी सहा जणांना पकडले, पाच जणांना शिक्षा झाली. इस्रायलने नुकसानभरपाई दिली ती १९९६ मध्ये, आणि तीही जबाबदारी न स्वीकारता. जगातली सर्वांत कसलेली म्हणवली जाणारी गुप्तहेर संघटना होती ही.

तंत्रज्ञान सुधारले म्हणून हे थांबलेले नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेने काबूलमध्ये एका पांढऱ्या गाडीवर ड्रोनने क्षेपणास्त्र टाकले. तासन् तास वरून पाळत ठेवली होती. गाडीत स्फोटके भरताना पाहिली, असे सांगितले गेले. ते पाण्याचे कॅन होते. माणूस एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता. दहा जण मेले, त्यांत सात मुले. सुरुवातीला अमेरिकेच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांनी या हल्ल्याला न्याय्य म्हटले. पत्रकारांनी शोधून काढल्यावर तीन आठवड्यांच्या आत चूक कबूल झाली. डिसेंबरपर्यंत ठरले की शिक्षा कोणालाच होणार नाही. पत्रकार तिथे पोहोचले नसते तर ते दहा जण आजही अतिरेक्यांच्या हिशेबात मोजले गेले असते. अशी किती घरे असतील जिथे पत्रकार पोहोचलेच नाहीत, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या अभ्यासक्रमात ते आहेच. शांततेच्या काळात पोलिसी कायदा लागू होतो. जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल तरच जीव घेता येतो. युद्धात शत्रूच्या लढवय्याला मारता येते, पण दगाबाजीने मारण्याला १९०७ च्या हेग नियमांनीच बंदी घातली आहे. अडचण मधल्या पट्ट्यात आहे, जिथे युद्ध जाहीर झालेले नसते पण सरकार म्हणते की आम्ही युद्धातच आहोत. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये यावर जो निकाल दिला, तो प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. अशी हत्या सरसकट कायदेशीर म्हणता येणार नाही आणि सरसकट बेकायदाही म्हणता येणार नाही, प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे लागेल, असे त्यांनी म्हटले. माहिती पक्की हवी, अटक शक्य असेल तर अटकच करायची, आसपासच्या निरपराधांची हानी प्रमाणाबाहेर नको, आणि नंतर स्वतंत्र चौकशी झाली पाहिजे. त्याआधी चार वर्षे, जुलै २००२ मध्ये, गाझात हमासच्या एका नेत्यासाठी दाट वस्तीत एक टनाचा बॉम्ब टाकला गेला होता. नेत्याबरोबर चौदा जण मेले, त्यांत कितीतरी मुले होती. तो बॉम्ब टाकणाऱ्यांना या चार अटी पाळायच्या असत्या तर त्यांचे विमान हललेच नसते.

आपल्याकडेही चकमकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, महाराष्ट्राच्याच प्रकरणात, सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या: प्रत्येक मृत्यूची एफआयआर, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी. त्यांतली एक मला सर्वांत शहाणी वाटते. चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

तुम्ही म्हणाल, सर, शेजारचे सरकार आरोपीला धरूनही देत नाही आणि खटलाही चालवत नाही, मग आम्ही काय करायचे? हा खरा प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. ओसामा बिन लादेनसारखे प्रकरण आले, जिथे यजमान देशावर भरवसा ठेवता येत नव्हता आणि माणूस अजूनही संघटना चालवत होता, तिथे मी अमेरिकेला खुनी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या गणवेशातले सैनिक पाठवले आणि त्याच रात्री त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी देशाला उद्देशून हे आम्ही केले असे सांगितले. पहलगाममध्ये २६ जण मारले गेल्यावर ७ मे २०२५ ला भारतीय सेनेने जी कारवाई केली, तिच्याबद्दल तुमचे मत काहीही असो, ती सकाळी पत्रकारांसमोर बसून जाहीर केली गेली. ज्याला प्रश्न विचारायचे होते त्याला कोणाला विचारायचे हे कळले.

मोटारसायकलवरून येऊन गोळ्या झाडून पसार होणारे भाडोत्री मारेकरी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे सरकारला खोटे बोलावेच लागते, कारण कामाची रचनाच तशी असते. कॅनडात जून २०२३ मध्ये झालेल्या एका हत्येवरून कॅनडाने आपल्या सरकारवर आरोप केले. आपल्या सरकारने ते निराधार म्हणून फेटाळले. अमेरिकेतल्या एका कटाच्या आरोपावरून मात्र आपल्याच सरकारने चौकशी समिती नेमली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या समितीने एका व्यक्तीवर कायदेशीर कारवाईची शिफारस केली. आरोप सिद्ध होईपर्यंत मी त्यावर निकाल देणार नाही. तो माझ्या धंद्याचा नियम आहे. पण एक परिणाम आरोपानेच होतो. दुसऱ्या सरकारकडे बोट दाखवून "तुम्ही मारेकरी पाळता" असे म्हणताना आपल्या साक्षीला जे वजन असते, ते कमी होते. उलटतपासणीत साक्षीदाराचा जुना गुन्हा निघाला की काय होते, हे तुम्ही लवकरच पाहाल.

आणि संथ रस्ता अगदीच वांझ नसतो. पैशाच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकले. त्या दबावाखाली हाफिज सईदवर दहशतवादाला पैसा पुरवल्याचे खटले चालले आणि २०२० व २०२२ मध्ये त्याला शिक्षा झाल्या. २६/११ साठी नाही, आणि मला ते टोचते. तरी तेवढे घडले ते कागदपत्रांच्या जोरावर. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला आपल्या हवाली केले. सोळा वर्षे लागली. पण तो बोलू शकतो.

आता दुसरा प्रश्न. दुसऱ्याच्या हिंसेला बळ देणे.

निकाराग्वाच्या बंडखोरांना अमेरिकेने शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये ते बेकायदा ठरवले. मात्र त्या बंडखोरांनी केलेल्या प्रत्येक अत्याचाराची जबाबदारी अमेरिकेच्या माथी मारायला नकार दिला, कारण प्रत्येक कारवाईवर अमेरिकेचे नियंत्रण होते असे सिद्ध झाले नाही. कायद्याच्या दृष्टीने हा भेद बरोबर असेल. नैतिक दृष्टीने मला तो पटत नाही. आमच्या न्यायालयात सुपारी देणारा "कुठे वार कर हे मी सांगितले नव्हते" म्हणून सुटत नाही.

आपलाही इतिहास स्वच्छ नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतल्या तमिळ गटांना आपल्या देशात प्रशिक्षण मिळाले. तिथल्या तमिळांवर अन्याय झाला होता, दंगलींत हजारो बेघर झाले होते. कारण खोटे नव्हते. १९८७ मध्ये शांतिसेना गेली आणि आपण शिकवलेल्याच माणसांशी लढताना तीन वर्षांत अकराशेहून अधिक जवान गमावले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरमध्ये त्यांच्यातल्याच लिट्टे या गटाने राजीव गांधींची हत्या केली. आणि त्या गटाने त्याआधी कोणाला संपवले होते? दुसऱ्या तमिळ संघटनांच्या नेत्यांना, म्हणजे ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्यातल्याच वेगळे बोलणाऱ्यांना.

बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचे उदाहरण तुम्ही माझ्यासमोर ठेवाल, ठेवायलाच हवे. १९७१ मध्ये आपण तिला मदत केली आणि मला ती मदत योग्य वाटते. तिथे निवडून आलेले लोक होते, त्यांनी १७ एप्रिलला आपले सरकार जाहीर शपथ घेऊन स्थापन केले होते, सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते, आणि डिसेंबरमध्ये आपली सेना स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गणवेशात उतरली. तरीही विजयानंतर बिहारी मुसलमानांवर सूड उगवला गेला आणि आपण दिलेल्या बंदुका त्यातही चालल्या असणार. बंदूक दिली की ती परत मागता येत नाही.

आणि बळ देणे म्हणजे बंदूक देणेच असे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर या साताऱ्याचे. त्यांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. निकाल लागला मे २०२४ मध्ये. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि सूत्रधारापर्यंत तपास यंत्रणा पोहोचली नाही हे न्यायालयाने निकालातच नोंदवले. मधल्या काळात पानसरे गेले, कलबुर्गी गेले, गौरी लंकेश गेल्या. राज्याने मारेकऱ्यांना पैसे दिले असे मी म्हणत नाही. तपास रेंगाळतो तेव्हा पुढच्या मारेकऱ्याला काय कळते, एवढेच विचारतो. मी सरकारी वकील होतो. कोणत्या फाइलवर धूळ बसू द्यायची हा निर्णय कसा घेतला जातो, ते मला माहीत आहे.

आता तुमचे पणजोबा.

आपण आज सातारा आणि सांगली म्हणतो त्यातला बराच भाग तेव्हा एकाच जिल्ह्यात होता. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला झाला. हातात झेंडा असलेली माणसे मेली. त्यानंतर नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले आणि लोकांनी त्याला पत्री सरकार म्हटले. कुंडलच्या बाजूची तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वेगाडी, न्यायदान मंडळे, सावकारांना बसवलेला चाप, कमी खर्चातली लग्ने, हे सगळे तुम्ही घरात ऐकलेच असेल.

माझ्या आजोळी, वाळवा तालुक्यात, त्या काळात भूमिगतांना जेवण पोहोचवणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. मामाच्या आईने एक गोष्ट अनेकदा सांगितली. रात्री दाराची कडी वाजली की ती न विचारता सहा भाकऱ्या थापायची. एकदा एका कार्यकर्त्याने शेजारच्या बाईशी वाईट वर्तन केले. दुसऱ्या रात्री कडी वाजली तेव्हा तिने दार उघडले नाही. चार दिवसांनी दुसरी माणसे आली, त्यांनी आधी त्या बाईची माफी मागितली, मग जेवण मागितले.

पत्री सरकार आणि परदेशी पैशावर चालणारा गट यांत मला दिसणारा मुख्य फरक हाच आहे. तुमच्या पणजोबांना बंदूक कोणत्याही परक्या सरकारने फुकट पाठवली नव्हती. त्यांची भाकरी गावच्या चुलीवरून येत होती, आणि चूल विझवण्याचा अधिकार गावाकडे होता. ज्याची रसद सीमेपलीकडून येते त्याला गावातल्या बाईची माफी मागायची गरज पडत नाही. शेजारचे सरकार रसद पाठवते तेव्हा ते त्या गावाचा हा अधिकार विकत घेते.

पण म्हणून सगळे शुद्ध होते असे तुम्हाला सांगितले तर मी खोटा ठरेन. लोकन्यायालयात अपील नव्हते. पत्री सरकारचे नाव सांगून दरोडे घालणारे निघाले, त्यांचाही बंदोबस्त नेत्यांना करावा लागला. खबऱ्या म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, तो कधी खरा खबऱ्या असे, कधी बांधाच्या भांडणातला भाऊबंद. माझ्या ऊसतोड पोराचे प्रकरण आठवा. नाव देणाऱ्याला नाव का द्यायचे असते, हे त्या काळीही वेगळे नव्हते. आणि पुढे काय झाले तेही आपल्याच मातीतले आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि याच जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत, मारेकऱ्याची जात तीच म्हणून, ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. ज्यांची घरे जळली त्यांतली अनेक कुटुंबे कायमची गाव सोडून गेली. त्यांच्यापैकी किती जण स्वतः भूमिगतांना आसरा देणारे होते, याची चौकशी मशाल घेऊन आलेल्यांनी केली नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर वकिलासारखे देतो, कारण तुम्हीही वकील होणार आहात. खून आणि सदोष मनुष्यवध यांत कायदा हेतूवरून फरक करतो. पायांच्या तळव्यांना मार देऊन सोडण्याचा इरादा असेल आणि माणूस जखमा चिघळून गेला असेल, तर तुमच्या पणजोबांना मी खुनी म्हणणार नाही. त्याला संपवायचेच ठरवून गेले असतील, तर मी त्या शब्दापासून पळणार नाही, स्वातंत्र्यलढ्यातला असला तरी. आजी सांगतात त्यावरून पहिली शक्यता अधिक दिसते, पण आजी त्यांची मुलगी आहे आणि हितसंबंधी साक्षीदाराची जबानी जपून वाचायची असते, हे तुम्हाला वर्गात शिकवले असेल.

त्या माणसाला मंडळासमोर बोलू दिले होते का? त्याच्या खबरेवरून खरोखर कोणी पकडले गेले होते का, आणि कोण? तो दगावल्यावर तुकडीतले कोणी त्याच्या घरी गेले का? आजींशी बोलताना हे विचारा. त्याच वयाची गावात अजून दोन-तीन माणसे असतील, त्यांनाही वेगवेगळे विचारा, एकत्र बसवून नको. त्या घरचे कोणी गावात राहत असेल तर शेवटी त्यांच्याकडे जा, आणि पणजोबांची बाजू मांडायला न जाता त्यांचे ऐकायला जा.

एक गोष्ट तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आली. तुम्ही पणजोबांचे पूर्ण नाव लिहिले आहे, त्यांच्या तीन साथीदारांचीही लिहिली आहेत. जो मेला त्याचे नाव पत्रात कुठेच नाही. ते आजींना आधी विचारून घ्या.